फ्लॉरेन्समध्ये एकच सकाळ: उफिझी की सान मार्को?

भाचीला फ्लॉरेन्समध्ये एकच सकाळ मोकळी मिळतेय. उफिझी हे चित्रसंग्रहालय बघू, की सान मार्को हा जुना मठ (आता संग्रहालय), हा तिचा प्रश्न.

खर्च आणि दगदग पाहिली तर सान मार्को सरळ पुढे: तिकीट स्वस्त, गर्दी कमी. उफिझीचं आधी आरक्षण केलं नाही तर अर्धी सकाळ रांगेतच जाते.

चित्रांचं म्हणाल तर उफिझीत फ्लॉरेन्सवर वर्चस्व असलेल्या मेदिची या सावकार घराण्याच्या काळातल्या धनिकांची आवड दिसते. बॉत्तिचेल्लीची व्हीनस शिंपल्यावर उभी, भोवती वाऱ्यावर उडणारे गुलाब. चर्चसाठी नव्हे, हौसेनं चितारून घेतलेली विवस्त्र रोमन देवता!

सान मार्कोत भिक्षूची अरुंद खोली, छोटी खिडकी, भिंतीवर फ्रा आंजेलिको या भिक्षू-चित्रकाराचं एकच चित्र, प्रार्थनेपुरतं. सावोनारोला, चैनीविरुद्ध प्रवचनं देणारा धर्मोपदेशक, याच मठाचा प्रमुख. ७ फेब्रुवारी १४९७ रोजी त्याच्या अनुयायांनी आरसे, पत्ते, पुस्तकं, चित्रं सिन्योरिया चौकात जाळली. २३ मे १४९८ रोजी त्याच चौकात त्याला फाशी देऊन जाळलं. त्याच्या खोल्या आजही बघता येतात. मला मात्र सर्वांत हलवून गेलं ते हे, की हा मठ नव्यानं बांधला गेला कोझिमो मेदिचीच्याच पैशानं. त्याची स्वतःची खोलीही तिथं आहे.

चित्रकला शिकणाऱ्यानं उफिझीच गाठावं. पैसा आणि धर्म यांचा झगडा समजून घ्यायचाय, त्यानं सान मार्को. भाची इतिहासाची, तिला सान मार्को सांगितलंय, आणि परतताना सिन्योरिया चौकात सावोनारोलाला जाळलं ती जागा दाखवणारी गोल शिळा.