तोडलेलं नेटवर्क की पहाऱ्यातलं? लष्करी माहिती सांभाळताना काय निवडाल

युनिटचं नेटवर्क असो की सैन्यदलांना सुटे भाग पुरवणाऱ्या पुण्या-नाशिककडच्या कारखान्याचं, प्रश्न एकच येतो. इंटरनेटपासून ते पूर्ण तोडून ठेवायचं, की जोडलेलं ठेवून त्यावर चोवीस तास पहारा बसवायचा?

तोडलेलं नेटवर्क सगळ्यांना आधी पटतं. बाहेरून रस्ताच नाही म्हटल्यावर चोर येणार कुठून? पण २००८ साली मध्यपूर्वेतल्या एका अमेरिकी तळावर कुणीतरी लॅपटॉपला एक पेन ड्राइव्ह लावला आणि 'एजंट बीटीझेड' नावाचा किडा, म्हणजे स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम, अमेरिकी लष्कराच्या साध्याच नव्हे, तर गोपनीय नेटवर्कमध्येही पसरला. साफसफाईला वर्षाहून जास्त काळ लागला. पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, पेन ड्राइव्हवर बंदी घातली. पुढे अमेरिकेची सायबर कमांड उभी राहिली, त्यामागे या धक्क्याचा मोठा वाटा होता. इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातल्या सेंट्रिफ्यूजना (युरेनियम शुद्ध करणाऱ्या यंत्रांना) बिघडवणारा, २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट हा किडाही असाच तोडलेल्या जागी पोचला होता.

माझ्या मते तोडलेल्या नेटवर्कचा खरा खर्च पॅचिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष बुजवणारे अपडेट चढवण्यात आहे. तिथे अपडेट आपोआप येत नाहीत. ते कुणीतरी आणायचे, तपासायचे आणि एकेका मशीनवर चढवायचे. हे काम ठरावीक माणसाकडे नसेल, तर सहा महिन्यांत मशीन जुनी पडतात. मग कामाच्या घाईत 'एवढी एक फाइल टाकून दे ना' सुरू होतं. तिथे मी कुणाला दोष देणार नाही. फाइल नेण्याची सोपी, मान्य वाट दिली नाही, तर माणूस स्वतःची वाट शोधतोच.

जोडलेल्या नेटवर्कमध्ये हा त्रास नाही. पॅच त्याच दिवशी चढतात, सगळे लॉग, म्हणजे मशीननी केलेल्या कामांच्या नोंदी, एका जागी दिसतात, बाहेरच्या जाणकारांना तपासायलाही बोलावता येतं. २०१६ मध्ये पेंटॅगॉनने आपल्या काही उघड्या संकेतस्थळांवर हॅकर्सना रीतसर बोलावलं, तेव्हा १३८ खरे दोष हाती आले. पण वाटच उघडी असल्याने एक चूकही महाग पडते. २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवर रशियाचं आक्रमण सुरू होण्याच्या तासभर आधी, व्हायासॅट या कंपनीच्या उपग्रह इंटरनेट सेवेत हल्लेखोर शिरले ते चुकीच्या मांडणीच्या व्हीपीएनमधून, म्हणजे बाहेरून आत यायच्या खासगी वाटेतून. तिथून ते मोडेम सांभाळणाऱ्या यंत्रणेपर्यंत गेले आणि तिच्याच आज्ञा वापरून त्यांनी हजारो मोडेम बंद पाडले. ही सेवा युक्रेनचं लष्करही वापरत होतं. जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रणही त्याच वेळी तुटलं.

आणि पहाऱ्याचा हिशेब मांडून बघा. आठवड्याचे तास १६८. एक खुर्ची कायम भरलेली हवी, तर सुट्ट्या-आजारपण धरून पाच माणसं लागतात, आणि तीही लॉग वाचता येणारी. नुसतं फायरवॉल (नेटवर्कमधली नकोशी ये-जा अडवणारी यंत्रणा) विकत घेऊन पहारा होत नाही.

म्हणून ड्रॉइंग, चाचण्यांची माहिती, सांकेतिक किल्ल्या हे तोडलेल्या बाजूला ठेवा, आणि ती बाजू जितकी लहान ठेवता येईल तितकी लहान ठेवा. मेल, बिलं, माल पाठवण्याची नोंद जोडलेल्या बाजूला. दोन्हींमध्ये फाइल नेण्यासाठी एकच तपासणी मशीन, एक नेमलेला माणूस आणि प्रत्येक फाइलची रजिस्टरमध्ये नोंद. पाच माणसं परवडत नसतील, तर पहारा बाहेरच्या संस्थेकडून भाड्याने घ्या, पण त्या तोडलेल्या लहान भागाच्या चाव्या तिच्या हाती देऊ नका. सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे कागदावर तोडलेलं आणि प्रत्यक्षात कुणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटने जोडलेलं नेटवर्क. त्यावर पॅचही नसतात आणि पहाराही नसतो.

करारावर सही करण्याआधी पुरवठादाराला दोन गोष्टी विचारा. गेल्या महिन्यात तोडलेल्या बाजूला किती फाइली गेल्या, आणि त्या कुणी नेल्या? लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोन वाजता धोक्याची सूचना आली, तर फोन कोण उचलणार? उत्तरात माणसाचं नाव आलं पाहिजे. नुसतं 'आमची टीम' म्हणाले, तर सही थांबवा.