१३० मिमीची टेबलटॉप डॉब्सन: साराभाई विवर दाखवते का?

दुर्बीण विकणारा शनीची कडी दाखवून मोकळा होतो. कडी तर कुठलीही बरी दुर्बीण दाखवते. पाच इंची आरशाचा कस बघायचा असेल तर चंद्रावरचं साराभाई विवर लावून बघावं.

हे विवर मारे सेरेनिटाटिस या चंद्रावरच्या मैदानाच्या सपाट, काळपट लाव्ह्यावर आहे. रुंदी साधारण ८ किमी. पृथ्वीवरून ते ४.३ आर्कसेकंदांचं (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) दिसतं, म्हणजे १९० मीटरवर ठेवलेला ज्वारीचा दाणा. भाभा, बोस, साहा यांच्या नावाची विवरं चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आहेत, ती इथून कुणालाच दिसत नाहीत. आर्यभट २२ किमीचं आहे, पण लाव्ह्यात अर्धं बुडालेलं. रामन पश्चिम कडेकडे, तेही लांबट. आपल्या माणसाच्या नावाचं, वाटीसारखं नीट गोल आणि शुद्ध पक्षात संध्याकाळी सहज गाठता येणारं विवर साराभाईच.

आधी त्याचं नाव बेसेल ए होतं, शेजारच्या १६ किमीच्या बेसेल विवराचं उपविवर म्हणून. विक्रम साराभाई ३० डिसेंबर १९७१ला गेले, त्यानंतर आंतरराष्ट्रीय खगोल संघाने त्याला त्यांचं नाव दिलं. साराभाईंचं मूळ काम वैश्विक किरणांवरचं. १९४७ साली त्यांनी अहमदाबादला भौतिक संशोधन प्रयोगशाळा उभी केली. चुंबकीय विषुववृत्त जवळून जातं म्हणून केरळातलं थुंबा निवडलं आणि २१ नोव्हेंबर १९६३ला तिथून पहिलं रॉकेट सुटलं. चांद्रयान-२च्या कॅमेऱ्याने २०२० साली या विवराची चित्रं घेतली. खोली सुमारे १.७ किमी आणि भिंतींचा उतार २५ ते ३५ अंश निघाला. यातला उतार दुर्बिणीवाल्याच्या फार कामाचा आहे, पुढे येईलच.

आता दुर्बीण. या मापाच्या बहुतेक टेबलटॉप एकाच घाटाच्या असतात: १३० मिमीचा आरसा, ६५० मिमी नाभीय अंतर, लाकडी फिरती बैठक (हिलाच डॉब्सन म्हणतात), २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस, म्हणजे डोळ्याशी येणारी भिंगं, आणि नेम धरायला लाल ठिपक्याचा फाइंडर. आरसा ‘पॅराबोलिक’ (अन्वस्ताकार) आहे हे लेखी बघूनच घ्या. याच मापात गोलीय आरसेही खपवले जातात आणि एफ/५ला, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या पाचपट असताना, त्यांची प्रतिमा अस्पष्ट पडते. खोक्यावर ‘५२५ पट’ छापलं असेल तर तो माल परत ठेवा. १३० मिमीला २६० पट ही शेवटची मर्यादा, आणि आपल्याकडच्या हवेत १३० ते १६० पटच खऱ्या कामाचे.

सोबतच्या १० मिमीने ६५ पट (६५० भागिले १०) मिळतात. तेवढ्यात साराभाई म्हणजे तीन मीटरवरचा ज्वारीचा दाणा: खळगा आहे एवढं कळतं, भिंत-तळ वेगळे होत नाहीत. त्यासाठी ५ मिमीचा आयपीस वेगळा घ्यावाच लागतो. मग १३० पट होतात आणि दाणा दीड मीटरवर येतो. खर्चात हा आयपीस धरूनच हिशोब करा. बैठकीला मोटर नाही, त्यामुळे ५ मिमीत विवर या काठापासून त्या काठापर्यंत दोन मिनिटांच्या आत सरकतं. दर अर्ध्या मिनिटाला हलका धक्का द्यायची सवय लागते.

विवर शोधायचं कसं? दुर्बिणीतली प्रतिमा उलटी असते आणि डोकं कलतं तशी फिरतेही, म्हणून डावं-उजवं विसरा. सेरेनिटाटिसच्या दक्षिण भागात एकटं ठळक बेसेल पकडा. ईशान्य काठावरचं ९५ किमीचं पोसिडोनियस लपणारं नाही. दोघांना जोडणारी रेघ मनात ओढा. बेसेलकडून पाव अंतराच्या किंचित पुढे, म्हणजे बेसेलच्या सात-आठ रुंद्या सोडून, साराभाई आहे. फसगत होते ती देसेयिन्यीमुळे. ते सहाएक किमीचं, तसंच गोल, पण बेसेलपासून पाचच रुंद्यांवर आणि या रेघेच्या बाजूला. रेघेवर नसेल तर ते साराभाई नाही. अपोलो १७ उतरलं ती दरी इथून पूर्वेला सुमारे ३०० किमीवर.

तिथी चुकली तर लाखाची दुर्बीणही उपयोगाची नाही. शुद्ध षष्ठीच्या अखेरीस तिथे सूर्य उगवतो. चंद्र थोडा डोलतो, म्हणून काही तास मागेपुढे. सप्तमीला वाटी काठोकाठ काळी, फक्त पश्चिमेची कड पेटलेली. उत्तम दिवस अष्टमीचा: सूर्य १४ ते २४ अंशांवर असतो, सावली तळावरून मागे हटते आणि खोली डोळ्यांना कळते. भिंतींचा उतार ३५ अंशांपर्यंतचा, त्यामुळे सूर्य त्याहून वर गेला की सावली उरतच नाही, आणि ती वेळ येते दशमीच्या सुमाराला. पौर्णिमेला बघाल तर नुसता पांढरा ठिपका, आणि मग दोष दुर्बिणीला. वद्य पक्षात चतुर्थी-पंचमीला सावली पुन्हा येते, पण दुसऱ्या बाजूने. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ घरात सगळ्यांना पाठ असतेच. नैवेद्य झाल्यावर आणखी दोन तास थांबा, क्षितिजाजवळचा चंद्र उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो.

मराठवाड्यात एक अडचण खास. चैत्र-वैशाखात सप्तमी-अष्टमीचा चंद्र तिन्हीसांजेला थेट डोक्यावर असतो आणि डॉब्सनची बैठक नेमकी तिथेच अडते. आडवं थोडं सरकवायला जावं तर सगळी नळी गरगर फिरवावी लागते. शिवाय स्लॅब दिवसभर तापलेला, त्याची वाफ नळीसमोरूनच वर जाते. साडेआठ-नऊनंतर चंद्र पश्चिमेला कलतो, हवाही निवते, तेव्हा बसा. गच्चीपेक्षा शेतातली किंवा अंगणातली मातीची जागा केव्हाही सरस. शेजारच्या फडात पाचट पेटलं असेल तर त्या रात्री सोडून द्या.

‘टेबलटॉप’ हे नावच खोटं. प्लास्टिकच्या टेबलावर ठेवली तर फोकस करताना दोन-तीन सेकंद सगळं हलतं. बांधलेला ओटा किंवा उपडं ठेवलेलं दगडी उखळ चांगलं. फोकसर, म्हणजे आयपीस मागेपुढे करायची नळी, आट्यांचा असेल तर त्यात ढिलेपणा असतो. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर दोन-तीन वेढे गुंडाळा, डगमग जाते. उघड्या दांड्यांची, मागे सरकणारी नळी असेल तर काळ्या कार्डशीटचं आवरण करा. नाहीतर गल्लीतला दिवा थेट आरशावर पडतो आणि सावलीचा काळेपणा राखाडी होतो.

कोलिमेशन, म्हणजे आरशांची एकमेकांशी जुळणी, बिघडलेलं असेल तर वरचं काहीच लागू नाही. कुरिअरमधून आलेली नळी जुळलेली असेल असं धरून चालू नये. फोकसरच्या झाकणाला मधोमध २ मिमीचं भोक पाडून त्यातून बघा. मोठ्या आरशाच्या तिन्ही पकडी दिसत नसतील तर फोकसरसमोरच्या छोट्या आरशामागचे तीन बारीक स्क्रू पाव पाव फेऱ्याने फिरवा. एक सैल केला की दुसरा आवळायचा, नाहीतर आरसा लोंबतो. पकडी दिसल्या की नळीच्या बुडाचे स्क्रू फिरवून छोट्या आरशाचं प्रतिबिंब मधोमध आणा. खात्री ताऱ्यावर: फोकस किंचित बिघडवला की ताऱ्याभोवतीची कडी एककेंद्री दिसली पाहिजेत. सगळं करण्याआधी आरसा अर्धा-पाऊण तास बाहेर निवू द्या.

एवढं जमलं की ही दुर्बीण ०.९ आर्कसेकंदांच्या बारकाव्यापर्यंत जाते. जालन्याहून जवळचं लोणार, बेसॉल्टमध्येच झालेलं १.८ किमीचं विवर, चंद्रावर ठेवलं तर एका आर्कसेकंदाचं भरेल, म्हणजे अगदी काठावर. ते बघायच्या ईर्ष्येने घेणार असाल तर आठ इंचीकडे जा, पण ती उचलायला दोन माणसं लागतात आणि दुचाकीवर शेतात नेता येत नाही. ही नेता येते, गोधडीत गुंडाळून.