रुपयांत व्यवहार, खातं भलत्याच्याच नावावर

दिवाळी झाली की आमच्या काजू फॅक्टरीचं गोदाम मागच्या बाजूने रिकामं होत जातं. कोकणातली बी मार्च ते मे एवढीच. पावसाआधी वाळवून जेवढी भरून ठेवता येते तेवढ्यावर पुढचं वर्ष काढायचं. भांडवल बेताचं असलं की साठाही बेताचाच. मग आफ्रिकेची बी घ्यावी लागते, नाहीतर बॉयलर बंद ठेवून चौदा बायकांना घरी बसवावं लागतं. इतकी वर्षं मी ती बी मंगळूरच्या आयातदाराकडून घेत आलो. २०२३च्या दिवाळीनंतर मात्र मी थेट टांझानियाहून मागवायचं ठरवलं आणि त्यात ६,७५,६०० रुपये घालवून बसलो. सिंधुदुर्गात, चंदगडला, आजऱ्याला माझ्यासारखे बरेच आहेत. त्यांच्यासाठी हे सगळं आकड्यांसकट लिहितोय.

त्या वेळचं वातावरण आधी सांगायला हवं, कारण सापळा त्याच वातावरणाचा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये टांझानियाच्या राष्ट्राध्यक्षा सामिया सुलुहू हसन दिल्लीला आल्या होत्या आणि दोन्ही देशांनी धोरणात्मक भागीदारी जाहीर केली होती. त्याआधी रिझर्व्ह बँकेने टांझानियाशी रुपयांत व्यापार करायला वाट मोकळी केली होती. नोव्हेंबरमध्ये आयआयटी मद्रासच्या झांझिबारच्या केंद्राचं उद्घाटन झालं. रोज काहीतरी चांगलं वाचायला मिळत होतं. आपल्याला खनिज तेल विकणाऱ्या बड्या देशांपेक्षा हा व्यापार मला जवळचा वाटायचा. तिकडचा शेतकरी काजू पिकवतो, आम्ही तो फोडतो. झाडसुद्धा दोन्हीकडे पोर्तुगीजांनीच आणलेलं. मला खरोखर आनंद झाला होता, आणि आजही त्या आनंदाची लाज वाटत नाही.

एका व्यापारी संकेतस्थळावर मी चौकशी टाकली होती. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोन आला. क्रमांक +२५५ने सुरू होणारा, म्हणजे टांझानियाचा. माणूस स्वच्छ हिंदीत बोलला. आजोबा गुजरातहून दार-ए-सलामला गेले, तिसरी पिढी व्यापारात, असं त्याने सांगितलं. तसे लोक तिकडे हजारोंनी आहेत, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं.

त्याला काजूतलं कळत होतं. आउटटर्न, म्हणजे बीतून गर किती निघतो, विचारला तर लगेच म्हणाला, ऐंशी किलोच्या पोत्याला पन्नास पौंड गर धरा, कमी निघाला तर पौंडामागे किंमत कापून घ्या. ओलावा किती, किलोत बिया किती, सगळं बिनचूक. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कोणत्या देशातला याचा दाखला, जोडलं की अल्पविकसित देशांसाठीच्या सवलतीत आयात शुल्क लागणार नाही, हेही त्यानेच सांगितलं. ही सवलत भारताने २००८ मध्येच जाहीर केलेली आहे. मी आमच्या क्लिअरिंग एजंटला विचारलं, तोही हो म्हणाला. माझा विश्वास बसला तो इथे. त्याचं एकेक वाक्य मी तपासत गेलो आणि एकेक वाक्य खरं निघत गेलं. जे तपासायला हवं होतं ते एकच राहिलं.

मंगळूरचा भाव किलोला ११२ रुपये होता. त्याने न्हावा शेवा बंदरात पोहोच ९७ सांगितला. वीस फुटी कंटेनर, दोनशे पोती, सोळा टन. एकूण १५,५२,००० रुपये. तीस टक्के आगाऊ, बाकीचे बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत आल्यावर. भाव इतका खाली का, असं विचारलं तर म्हणाला, लिलावाच्या भानगडीत न पडता मी थेट शेतकऱ्यांकडून उचलतो.

याच वाक्याला मी फोन ठेवायला हवा होता. टांझानियात काजू बी अशी विकत घेता येत नाही. शेतकरी आपली बी गावच्या सहकारी संस्थेकडे देतो, ती गोदामात जाते, गोदामपावती निघते आणि मग लिलाव होतो. परवाना असलेले खरेदीदार तिथे बोली लावतात. शेतकऱ्याच्या दारातून परस्पर बी उचलण्याला तिकडे ‘कांगोम्बा’ म्हणतात आणि तो गुन्हा आहे. २०१८ मध्ये व्यापाऱ्यांनी भाव पाडून बोली लावली तेव्हा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी लष्कर उतरवून सरकारतर्फे सगळं पीक विकत घ्यायला सुरुवात केली होती. ज्या देशात काजूच्या भावासाठी सैन्य येतं, तिथे एक माणूस लिलाव चुकवून सोळा टन माल बंदरात आणतो, हे होणारच नाही. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मला फक्त किलोमागे पंधरा रुपये दिसत होते.

मी नमुना मागितला. चार दिवसांत कुरिअरने दोन किलो बी आली. आम्ही कापून पाहिली. भरलेली, पांढरीशुभ्र, डागी बी नावालाच, आउटटर्न एक्कावन्नच्या आसपास. पाकीट मात्र टांझानियाहून आलेलं नव्हतं, दक्षिणेतल्या एका शहरातून आलं होतं. आमचा भारतातला माणूस तिथे बसतो, असं उत्तर मिळालं. बाहेरदेशातून बी आणायची तर तिकडच्या सरकारचा फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा, दाखला लागतो, मग ती दोन किलो बी कशाच्या आधारावर आली, हे मी विचारलं नाही. ती बी इथल्याच कुठल्यातरी आयातदाराच्या गोदामातली असणार.

मग व्हिडिओ आला. निळ्या ताडपत्रीखाली पोत्यांची थप्पी, शेजारी वजनकाटा, काट्यावर एक पोतं, आकडा ८० किलोच्या वर थोडा. मागे स्वाहिलीत कोणीतरी बोलतंय. घरात सगळ्यांना दाखवला मी तो.

पैसे कसे पाठवायचे हा प्रश्न आला तेव्हा तो म्हणाला, “अब डॉलर का झंझट ही नहीं, भाईसाब. दोनों सरकारों ने रुपया खोल दिया है.” आणि भारतातल्या एका बँकेचा खातेक्रमांक पाठवला. खातं कुणा व्यक्तीच्या नावावर, चालू खातं, नमुना आला त्याच राज्यातलं.

इथे सगळ्यांनी नीट लक्ष द्या. रुपयांत व्यापाराची सोय खरी आहे. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक ११ जुलै २०२२चं आहे आणि २०२३ मध्ये टांझानियाचंही नाव त्यात आलं. पण ती चालते अशी: टांझानियातली बँक भारतातल्या बँकेत एक खास रुपया खातं उघडते, त्याला स्पेशल रुपी व्होस्ट्रो खातं म्हणतात. आपण आपल्या बँकेत जायचं, आयात-निर्यात कोड, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, करार दाखवायचा. आपली बँक ते रुपये त्या खास खात्यात भरते आणि तिकडच्या विक्रेत्याला त्याचे पैसे त्याच्याच बँकेतून मिळतात. कुणा व्यक्तीच्या, कुणा एजंटच्या, कुणा मेहुण्याच्या खात्यात रुपये टाकायला सांगणं याला रुपयांतला व्यापार म्हणत नाहीत. तसे पैसे टाकले आणि माल समजा आलाच, तरी आयातीचे पैसे कोणत्या वाटेने गेले हे बँकेला दाखवता येत नाही, म्हणजे आपणच अडकतो.

मी बँकेत गेलोच नाही. मोबाइलवरून आरटीजीएस केलं. डॉलर पाठवायचे असते तर बँकेने दहा कागद मागितले असते आणि त्या दहा कागदांत कुठेतरी गाडी अडली असती. ती कटकट वाचली म्हणून मी खूश होतो.

४,६५,६०० रुपये गेले. त्यातले दोन लाख मेहुण्यांकडून घेतलेले.

त्या रात्री बायकोने विचारलं, “तुमी खाता कोणाच्या नावार आसा तां बघलास?” मी म्हटलं, त्यांच्या एजंटच्या. ती गप्प राहिली. आठवड्याने तिने पुन्हा विचारलं, तेव्हा मी चिडलो. तिच्यावर चिडलो ते मला अजून लागतं.

दहा दिवसांनी लेव्ही, म्हणजे निर्यातीवरचा सरकारी कर, निघाली. टांझानिया कच्च्या काजू बीच्या निर्यातीवर लेव्ही घेते हेही खरंच आहे. तो म्हणाला, ती भरल्याशिवाय कंटेनर बंदरात घेत नाहीत, माझे पैसे माल उचलण्यात अडकलेत, २,१०,००० द्या, शेवटच्या बिलातून वळते करा. भाव न्हावा शेवा पोहोच ठरला होता, म्हणजे तिकडचा प्रत्येक खर्च त्याचा. करारात तसं लिहिलेलंही होतं. पण एकदा पैसे गुंतले की माणूस गुंतलेल्या पैशाच्या मागे धावतो. त्याच खात्यात मी तेही भरले.

इकडे गोदाम पार रिकामं झालं होतं. सोलायला बसणाऱ्या एक काकी रोज सकाळी विचारायच्या, “दादानू, बी कदी येतली?” मी तारीख सांगायचो.

मग बिल ऑफ लेडिंगची प्रत आली. एका मोठ्या जहाज कंपनीचं नाव, जहाजाचं नाव, कंटेनर क्रमांक, शिक्का, सही. सोबत निरोप, बाकीचे पैसे दोन दिवसांत भरा, नाहीतर माल दुसऱ्याला वळवावा लागेल. १०,८६,४०० मधून लेव्हीचे दोन लाख दहा हजार वजा जाता ८,७६,४०० भरायचे होते. रोखीच्या कर्जातून उचलायची माझी तयारी झाली होती. कागद नीट लागावेत म्हणून मी ती प्रत न्हावा शेव्याच्या क्लिअरिंग एजंटला पाठवली.

त्याचा फोन पंधरा मिनिटांत आला. “साहेब, पैसे भरले नाहीत ना अजून?”

कंटेनर क्रमांकात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा आधीच्या दहा खुणांवरून गणिताने काढलेला असतो. आमच्या कागदावरच्या क्रमांकाचा तो आकडा जुळतच नव्हता, म्हणजे तसा कंटेनर जगात कुठे असूच शकत नाही. बिल ऑफ लेडिंगचा क्रमांक जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर सापडला नाही. त्याने तिच्या मुंबई कार्यालयात विचारलं, असं बुकिंगच नव्हतं. या तिन्ही गोष्टी फुकट तपासता येतात.

मी त्या माणसाला फोन लावला. त्याने उचलला, मी कंटेनर क्रमांक वाचून दाखवला, फोन कट झाला. मग लागलाच नाही.

त्याच दुपारी मी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवली, त्यांच्या संकेतस्थळावरही भरली, पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या रकमेला तोवर जवळपास तीन आठवडे झाले होते, ती त्याच दिवशी चार खात्यांत फुटून काढली गेली होती. दुसऱ्या रकमेतले ३८,००० रुपये एका खात्यात थांबवता आले. ज्याच्या नावावर खातं होतं तो मजुरी करणारा निघाला, महिन्याला काही हजारांवर त्याने खातं वापरायला दिलं होतं. पैसे भरल्यानंतरचे पहिले काही तास फार मोलाचे असतात. शंका आल्या क्षणी १९३० लावा, आधी भावाला विचारू, मित्राला विचारू असं करू नका.

आणि शंका यायच्या आधीही करण्यासारखं बरंच आहे. टांझानियातली कंपनी खरी आहे का, हे तिकडच्या ‘ब्रेला’ या नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येतं. काजूच्या खरेदीदार-निर्यातदारांवर तिकडच्या काजू मंडळाचं नियंत्रण असतं, परवान्याची प्रत मागा आणि मंडळाकडे विचारा. दार-ए-सलामच्या भारतीय उच्चायुक्तालयात व्यापार विभाग आहे, एक ईमेल टाकायला काही लागत नाही. पहिला व्यवहार असेल तर लेटर ऑफ क्रेडिट (माल पाठवल्याचे कागद नीट असतील तरच बँक पैसे देते, ती सोय) धरा, नाहीतर निदान कागद बँकेमार्फत यायला हवेत. माल भरताना आपल्या खर्चाने माल तपासणारा स्वतंत्र सर्व्हेअर उभा करा. सोळा टनांच्या व्यवहारात तो खर्च काहीच नाही. समोरचा सर्व्हेअरला टाळतो का, एवढ्यावरूनही बरंच कळतं.

टांझानियाचा माल वाईट, तिकडची माणसं चोर, असं यातून कुणी काढू नये. मला फसवणारा टांझानियात होता की नाही हेही ठाऊक नाही. +२५५चा क्रमांक कुठेही बसून वापरता येतो, पैसे तर देशाबाहेर गेलेच नव्हते. फेब्रुवारीत मंगळूरच्या त्याच जुन्या आयातदाराकडून मी टांझानियाची लिलावातली बी घेतली, ११४ने. उत्तम निघाली. त्या शेतकऱ्यांचं आणि आमचं पोट एकाच बीवर आहे, आणि मधे शिरलेल्या या माणसाने दोघांचंही नाव वापरलं याचा मला राग येतो.

मेहुण्यांचे दोन लाख मी अजून फेडतो आहे.

मागच्या महिन्यात आजऱ्याच्या एका ओळखीच्या कारखानदाराने मला एक व्हिडिओ पाठवला, भाव बरा वाटतो, बघा जरा, म्हणून. निळी ताडपत्री, थप्पी, तोच वजनकाटा, काट्यावर तेच पोतं. या वेळी माल बेनिनचा आहे असं सांगितलं होतं. बेनिनने तर १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजू बीच्या निर्यातीवर बंदी घातली आहे. मी त्याला लगेच फोन केला. आगाऊ रक्कम तो दुसऱ्या दिवशी सकाळी भरणार होता.