इंजिन बांधायला देताय? मग माझे १,८६,५०० रुपये कसे गेले ते आधी वाचा

गॅरेजवाल्याचं नाव इथे टाकत नाही, वकिलाने सांगितलंय म्हणून. नाहीतर फोटोसकट टाकलं असतं.

गाडी टाटाची दहा चाकी २५१५, कमिन्सचं सिक्स बीटी इंजिन. धूर मारायला लागली, ऑईल खायला लागली, म्हणून फुल इंजिन काम काढलं. पैसे घेतले ते असे: लाईनर-पिस्टन किट ५२,०००, क्रँक ग्राइंडिंग (इंजिनचा मुख्य दांडा घासून नीट करणं) ८,५००, मेन आणि बिगेंड बेअरिंग १७,४००, नवा ऑईल पंप १३,६००, मजुरी ५५,०००, हेडचं काम, गॅस्केट, ऑईल असं सगळं धरून ४०,०००. यातलं १,२०,००० यूपीआयने, ६६,५०० रोख. रोख का दिले म्हणून मला शिकवायला येऊ नका, हायवेच्या गॅरेजवर पार्टवाला दारात उभा असतो आणि रोख दिल्याशिवाय खोकं सोडत नाही, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहितीये.

आता जे डोक्यातून जात नाही ते सांगतो. गाडी ताब्यात घेताना मी चावी ऑन केली. इंजिन अजून चालू केलंच नव्हतं. आणि ऑईल प्रेशरचा काटा सरळ चारवर, म्हणजे चार बार, जवळपास ५८ पीएसआय! लाल दिवा पण नाही लागला. अरे इंजिन बंद, पंप फिरत नाही, मग प्रेशर येणार कुठून? काटा शून्यावर पाहिजे, दिवा लागलेला पाहिजे. मी विचारलं पण, हे आवर्जून सांगतो, मी विचारलं होतं. तो म्हणाला "शेठ, मघाशीच टेस्टिंगला चालवलंय, लाईनमधे प्रेशर धरून आहे, दिव्याचा बल्ब उडालाय." इतक्या सहज बोलला की पोरगा शाळेतून आलाय म्हणून सांगतात तसं. रेस दिली तरी काटा चारवरच, आयडलला चारवरच. ३८,७०० चा हप्ता डोक्यावर, गाडी महिनाभर उभी, अशा वेळी माणूस काट्याशी भांडत बसतो का गाडी रोडला लावतो?

वाशीहून परतीचा माल भरून कसारा घाट चढताना खालून खटखट सुरू झाली. काटा बघितला, चार! म्हणून बाजूला घ्यायला जेवढा उशीर झाला तेवढ्यात बेअरिंग फिरलं आणि इंजिन जाम. टोचन १८,०००, माल दुसऱ्या गाडीत भरायचे ९,०००.

दुसऱ्या मिस्त्रीने चेंबर खोलला तेव्हा मी शेजारी उभा होतो. ऑईल प्रेशरच्या सेन्सरची वायर काढून मधे एक रेझिस्टन्स टाकून बॉडीला अर्थ दिलेली, म्हणजे मीटर आयुष्यभर चारच दाखवणार. पंप जुनाच. जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असतो, त्याच्या स्प्रिंगमागे वॉशर, म्हणजे चुकून कुणी गेज लावलंच तर थंड इंजिनवर प्रेशर भारी दिसावं. आणि बेअरिंग? जुनीच, पाठीमागे पत्र्याच्या पट्ट्या घालून टाईट केलेली. पत्रा कोल्ड्रिंकच्या कॅनचा, लाल रंग अजून दिसत होता. १७,४०० रुपयाचं बेअरिंग! दहा थाऊ (इंचाचा शंभरावा भाग) ग्राइंडिंगचे पैसे घेतले होते, मायक्रोमीटर लावला तर क्रँकला दगडच लागलेला नाही. बेअरिंगच्या पाठीवर साईज पंच केलेली असते, फिटिंगच्या आधी स्वतः वाचा, फोटो काढा.

आणि डॅशबोर्डवर विश्वास ठेवूच नका. साधं मेकॅनिकल गेज सेन्सरच्या जागी लावा, अर्धा तास गाडी पळवून इंजिन चांगलं गरम झाल्यावर बघा. या इंजिनला गरमवर आयडलला कमीत कमी १० पीएसआय आणि फुल रेसला ३० पाहिजे. थंडीत भारी आणि गरम झालं की पडतंय, तर आधी ऑईलची लेव्हल, ग्रेड, फिल्टर बघा, ते ठीक असेल तर बेअरिंगचा गॅप नाहीतर पंप. "जाड ऑईल टाका, होईल नीट" म्हणणारा मिस्त्री दिसला की गाडी उचला तिथून.

आता पोलीस स्टेशन. ठाणे अंमलदार म्हणतो साहेब बंदोबस्ताला गेलेत. साहेब भेटले तर म्हणतात इंजिन घाटात बसलं, ती आमची हद्द नाही. घाटाच्या हद्दीत गेलो तर म्हणे पैसे कुठे दिले, तिकडे जा. झिरो एफआयआर म्हणून काहीतरी असतं, हद्द कुठलीही असो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हे मी बोललो तर मलाच विचारतात तुम्ही वकील का. शेवटी "हा दिवाणी मामला आहे" म्हणून एक एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) हातात टेकवली. पत्र्याच्या पट्ट्या टेबलवर ठेवल्या होत्या मी, एकाने उचलून पण बघितल्या नाहीत! बेअरिंगच्या नावाखाली कॅनचा पत्रा घालणं फसवणूक नाही तर भारतीय न्याय संहितेतलं ३१८ कलम कशासाठी ठेवलंय? हेल्मेट नसेल तर यांना दोनशे फुटावरून दिसतं.

ग्राहक आयोगात पहिलाच प्रश्न, ट्रक म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक कसे? हे ऐकून परत फिरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणारा माणूस ग्राहकच धरला जातो, २०१९ च्या कायद्यात तसं स्पष्टीकरण आहे, आणि पाच लाखापर्यंत फी पण नाही. मुदत दोन वर्ष. तज्ज्ञाचा रिपोर्ट मात्र अशा केसमधे बहुतेक वेळा लागतो, म्हणून इंजिन खोलताना व्हिडिओ काढा आणि खराब पार्ट भंगारात घालू नका, मिस्त्री कितीही म्हणाला "कचरा कशाला नेता".

गॅरेजवाल्याला नोटीस गेली तसे त्याने ५,००० पाठवले, यूपीआयवर. खाली मेसेज काय तर "उसने घेतलेले परत". म्हणजे उद्या सांगायला मोकळा की आमचा उसनवारीचा व्यवहार होता. तसा स्क्रीनशॉट काढला आणि पैसे तिथल्या तिथे परत पाठवले.