सालामांका की अँटिग्वा? स्पॅनिश शिकायला नेमकं कुठे जायचं

मावसबहिणीचा मेसेज आला, "ताई, माझं पुण्यात ए-टू झालं, ऑफिसमधून चार आठवडे सुट्टी मिळतेय, स्पेनला जाऊ का तू गेलेलीस तिकडे ग्वाटेमालाला?" (ए-टू म्हणजे परकी भाषा शिकण्याच्या सहा पातळ्यांपैकी दुसरी, ए-वन सगळ्यात खालची, बी-टू चौथी.) मी व्हॉइस नोट पाठवायला घेतली आणि ती अकरा मिनिटांची झाली, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं, कारण हा प्रश्न मला वर्षातून तीन-चार जण तरी विचारतातच.

आधी माझं सांगते म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. पुण्यात नोकरी करत असताना मी चार आठवडे सालामांकाला होते, स्पेनमध्ये. मग लग्न होऊन ह्यूस्टनला आले आणि तिथून तीन आठवडे अँटिग्वाला गेले, म्हणजे ग्वाटेमालातलं अँटिग्वा, कॅरिबियनमधला त्या नावाचा देश नाही, तिकीट काढताना एवढं बघा बाई, नाव सारखंच आहे.

सगळ्यात मोठा फरक वर्गात आहे. सालामांकात ग्रुप असतो. आमच्या वर्गात नऊ जण, रोज चार तास. आता हिशोब करा, चार तास म्हणजे दोनशे चाळीस मिनिटं, त्यातली अर्धी बाई बोलणार, उरलेली नऊ जणांत वाटली तर माझ्या वाट्याला तेरा मिनिटं. तीही नीट मिळाली नाहीत, कारण एक मुलगा होता तो प्रत्येक प्रश्नाला हात वर करायचा. आणि मधली सुट्टी झाली की सगळे इंग्लिशमध्ये. मात्र एक आहे, व्याकरण तिथे पक्कं होतं. दोन भूतकाळांमधला गोंधळ, कुठला कधी वापरायचा, हा माझा पुण्यात वर्षभर सुटला नव्हता तो त्या बाईंनी फळ्यावर एका आठवड्यात सोडवला, कारण नऊ जणांच्या नऊ प्रकारच्या चुका ऐकायला मिळतात आणि दुसऱ्याची चूक आपल्याला लगेच कळते, स्वतःची नाही कळत.

अँटिग्वात एक टेबल, दोन खुर्च्या, एक शिक्षक आणि तुम्ही. बस्स. तिकडच्या बहुतेक शाळांमध्ये हीच पद्धत आहे, रोज चार तास, आठवड्याचे पाच दिवस, शाळा म्हणजे एखादं जुनं घर आणि मधल्या अंगणात लांब लांब मांडलेली टेबलं. पळायला जागाच नाही. दुसऱ्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला माझं डोकं पार बंद पडलं, साधं "काल मी जेवले" हे आठवेना, तर माझी शिक्षिका उठली, म्हणाली चला बाजारात, आणि बाजारात तिने मला अॅव्होकॅडोचा भाव करायला लावला, स्वतः एक अक्षर बोलली नाही. विकणारी बाई हसायला लागली, मी पण हसले, शेवटी तिकडच्या चलनात पाच केत्सालला तीन मिळाले (महागच पडले असणार). त्या दिवसानंतर तोंड उघडायची भीती गेली ती गेलीच.

पण वन-टू-वनमध्ये सगळं त्या एका माणसावर असतं. माझा पहिल्या आठवड्याचा शिक्षक चांगला गप्पिष्ट होता, इतका की चार तासातले तीन तोच बोलायचा, स्वतःच्या मेहुण्याची भांडणं सांगायचा, आणि मी मान डोलवायची. आपल्याला सांगायला लाज वाटते ना, बिचाऱ्याला वाईट वाटेल वगैरे. शुक्रवारी ऑफिसात जाऊन मी हळूच म्हटलं की बदलून मिळेल का, तर त्यांनी डोळ्याची पापणीही न हलवता दुसरं नाव लिहिलं. रोजचंच आहे त्यांना. तेव्हा पहिल्या दोन दिवसांत जमलं नाही तर लगेच सांगा, आठवडा घालवू नका.

आता भाषा. लोक म्हणतात स्पेनचं स्पॅनिश शुद्ध, त्यातही सालामांका-बायादोलिदकडचं सगळ्यात शुद्ध. सदाशिव पेठेतलं मराठी शुद्ध म्हणतात ना, तसलाच प्रकार आहे हा. सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं आणि स्पॅनिशचं पहिलं व्याकरण १४९२ मध्ये लिहिणारा नेब्रिखा इथेच शिकला आणि शिकवायचाही, त्यामुळे गावाला तो तोरा आहे आणि तो शोभतो पण. पण "शुद्ध" म्हणून तिकडे जाऊ नका. तिकडे ग्रासियासचं ग्राथियास होतं, लोक भराभर बोलतात, आणि "तुम्ही लोक" म्हणायला वोसोत्रोस नावाचं वेगळं रूप आहे, प्रत्येक क्रियापदाच्या तक्त्यात त्याची एक ओळ. अँटिग्वात माझ्या वहीतला तो तक्ता बघून शिक्षिकेने पेन्सिलीने ती ओळ सरळ खोडली. "हे इथे नको." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग तिने खाली एक नवीन ओळ लिहिली, वोस, मित्रामित्रांतलं "तू", त्याची रूपं पुन्हा वेगळी. म्हणजे सुटका काही झाली नाही.

आणि उस्तेद, म्हणजे आपलं "तुम्ही". ग्वाटेमालात ते सारखं कानावर पडतं, दुकानदार, शेजारी, शिक्षक, सगळे. स्पेनमध्ये वेटरसुद्धा पहिल्याच वाक्यात तू म्हणतो. मला पहिले चार दिवस ते जरा टोचलं, मग सवय झाली. ग्वाटेमालातलं बोलणं सावकाश, शब्द सुटे सुटे, नवशिक्याला ऐकायला फार सोपं जातं. त्या देशात स्पॅनिशखेरीज २२ माया भाषा बोलल्या जातात, म्हणजे तुमच्याशी बोलणाऱ्या कितीतरी लोकांची स्वतःचीच मातृभाषा स्पॅनिश नसते, बाजारातल्या त्या अॅव्होकॅडोवालीची पण नव्हती, ती शेजारणीशी वेगळंच काहीतरी बोलत होती.

शब्द पण बदलतात. कॉम्प्युटर स्पेनमध्ये ओर्देनादोर, ग्वाटेमालात कोम्पुतादोरा. गाडी स्पेनमध्ये कोचे, ग्वाटेमालात कार्रो. बटाटा स्पेनमध्ये पताता, जो आपल्याला लगेच लक्षात राहतो कारण आपला बटाटा पोर्तुगीजांकडूनच आलाय, पण ग्वाटेमालात तो नुसता पापा होतो. आणि स्पेनमध्ये "बस पकडते" म्हणायला जे कोखेर सर्रास वापरतात ते लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी अश्लील आहे. मी वापरलं. शिक्षिका पाणी पीत होती, तिला ठसका लागला.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे आपल्या बाजूची. मे गुस्ता एल काफे म्हणजे शब्दशः "मला कॉफी आवडते", वर्गातले इंग्रजी बोलणारे यावर दोन दोन आठवडे अडकले होते, मला कळेना यात अवघड काय आहे. ग्लास पडला तर से मे कायो, म्हणजे मी पाडला नाही, माझ्या हातून पडला! आणि तो सगळ्यांना छळणारा सब्जंक्टिव्ह, त्याचा अर्धा भाग तर आपलं "यावा, पडावा, व्हावं" आहे. ओहाला युएवा, पाऊस पडावा एकदाचा. त, द पण आपलेच, दातावरचे, फक्त इंग्लिशची सवय मोडून ट, ड म्हणायचं सोडा. हे मराठीतून विचार करून शिकलात तर निम्मं काम होतं, पण पुण्यातल्या क्लासमध्येही आपल्याला इंग्लिशमधूनच शिकवतात, काय करणार.

राहायचं. दोन्हीकडे कुटुंबात राहता येतं आणि तसंच राहा, हॉस्टेल नको. सालामांकात माझी घरमालकीण सत्तरीची एकटी बाई होती, दुपारचं जेवण अडीचला, रात्रीचं साडेनऊला, मध्ये टीव्ही. टीव्ही चालू असला की आपण गप्प. पण तिच्याबरोबर रोज रात्री प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम बघून माझं ऐकणं सुधारलं हे खरंय. अँटिग्वात घर माणसांनी भरलेलं, आजी, दोन मुली, नातू, कुत्रा, रविवार सोडून तिन्ही वेळचं जेवण त्यांच्याकडे. फक्त तिथे एक गोची आहे, काही घरं एका वेळी चार-पाच परदेशी विद्यार्थी ठेवतात आणि मग जेवणाच्या टेबलावर इंग्लिश सुरू होतं, घरची माणसं स्वयंपाकघरात बसून जेवतात. शाळेला आधी मेल करून विचारा की घरात मी एकटीच असेन का, आणि घरचे माझ्याबरोबर जेवतात का. एवढे दोनच प्रश्न, पण यावर तुमचे निम्मे पैसे वसूल होणार की नाही ते ठरतं.

शाकाहारी असाल तर हा भाग नीट वाचा. ग्वाटेमालात काळ्या घेवड्याची उसळ म्हणता येईल असं काहीतरी रोज, भात, तळलेली केळी, अंडी, आणि तोर्तिया म्हणजे छोट्या जाड मक्याच्या भाकऱ्या, गरम गरम, फडक्यात गुंडाळून टेबलावर येतात. आठव्या दिवशी कंटाळा येतो, पण पोट भरतं. स्पेनमध्ये तोर्तिया म्हटलं की बटाट्याचं जाड ऑम्लेट येतं, ते छान असतं, पण बाकी सगळ्यात डुक्कर. मी घरमालकिणीला पहिल्याच दिवशी सांगितलं सिन कार्ने, मांस नको. संध्याकाळी मसूरचं सूप आलं, वरून बारीक गुलाबी तुकडे. हे काय? "हामोन." म्हणजे खारवलेलं डुक्कर. पण मांस नको म्हटलं होतं ना? तर ती अगदी निरागसपणे म्हणाली, मांस नाहीये ते, हामोन आहे.

पैसे आणि व्हिसा आता पटापट. पैशात अँटिग्वा स्वस्त, वाद नाही. वीस तास वन-टू-वन, घर आणि जेवण मिळून आठवड्याला साधारण तीनशे डॉलरच्या आसपास धरा, शाळेप्रमाणे कमी-जास्त. सालामांकात तेवढे पैसे तर ग्रुपचा क्लास आणि दोन-तीन दिवसांच्या राहण्यातच जातात. पण भारतातून निघणाऱ्याचं गणित तिकिटावर उलटतं. ग्वाटेमालाला सरळ विमान नाही, आणि अमेरिकेतून जायचं म्हटलं तर नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर अमेरिकन व्हिसा लागतो. तो नसेल तर सगळं लांबतं. स्पेनला नव्वद दिवसांच्या आतलं असेल तर शेंगेन व्हिसा पुरतो, त्याहून मोठा कोर्स असला की विद्यार्थी व्हिसा, त्याची कागदपत्रं जास्त. माद्रिदहून सालामांका ट्रेनने पावणेदोन तासांत येतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी लोकांचं बरोबर उलटं. ह्यूस्टनहून ग्वाटेमाला सिटी तीन तास, तिथून अँटिग्वा रस्त्याने तास-दीड तास, ट्रॅफिक असेल तर जास्त. फक्त एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल तर पासपोर्टवरचा स्टॅम्प व्हॅलिड आहे ना ते बघा, संपलेल्या स्टॅम्पवरही मेक्सिको-कॅनडाला जाऊन येण्याची जी सवलत आहे ती ग्वाटेमालाला लागू नाही, आणि हे आमच्या ओळखीतल्या एकाला विमानतळावर कळलं.

गावं दोन्ही देखणी. सालामांका सोनेरी दगडाचं, संध्याकाळी प्लासा मायोर, म्हणजे मुख्य चौक, मधासारखा दिसतो, दीड लाखाच्या आत वस्ती आणि त्यात विद्यार्थीच विद्यार्थी. मात्र जुलै-ऑगस्टला गेलात तर ते विद्यार्थी घरी गेलेले असतात आणि गावात तुमच्यासारखे परदेशीच उरतात, म्हणून ऑक्टोबर बरा. जानेवारीत थंडी हाडात शिरते. अँटिग्वा पंधराशे मीटरवर, हवा बारा महिने साधारण महाबळेश्वरसारखी, मे ते ऑक्टोबर दुपारी पाऊस. १७७३ च्या भूकंपाने राजधानी इथून हलली, पडकी चर्चेस अजून गावभर तशीच उभी आहेत. आणि फुएगो ज्वालामुखी. रात्री धप्प असा आवाज यायचा आणि खिडकीची काच थरथरायची, पहिल्या रात्री मी चपला घालून अंगणात, आजी म्हणाली झोप, तो रोज बोलतो. २०१८ च्या जूनमध्ये त्याच्या उतारावरची वस्ती गाडली गेली होती, त्यामुळे हे गंमतीत घेऊ नये, पण गावातली माणसं त्याच्या सोबतीनेच जगतात. ईस्टरच्या आठवड्यात रस्त्यांवर रंगीत भुशाच्या रांगोळ्या घालतात, रात्रभर बसून, आणि सकाळी मिरवणूक त्यांच्यावरून चालत जाते. बघण्यासारखं आहे, पण त्या आठवड्यात शिकणं होत नाही आणि खोली मिळत नाही.

अँटिग्वात इंग्लिश फार ऐकू येतं अशी तक्रार खरी आहे. ज्यांना ते नको त्यांनी ग्वाटेमालातल्याच केत्साल्तेनांगोला जावं, त्याला सगळे शेला म्हणतात, जास्त उंचावर, जास्त थंड, टुरिस्ट कमी.

राहता राहिलं सर्टिफिकेट. पुण्यात कंपन्यांमध्ये स्पॅनिशवर नोकरी हवी असेल तर शाळेचं सर्टिफिकेट कोणी बघत नाही, देले बघतात. ती परीक्षा इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेन सरकारच्या संस्थेची, तयार करण्यात सालामांका विद्यापीठाचा हात, एकदा पास झालात की कायमची. सिएले म्हणून दुसरी आहे ती पाच वर्षंच चालते. देले बी-टूची तयारी सालामांकात जशी घासून घेतात तशी मी अँटिग्वात बघितली नाही, आणि ऐकण्याच्या पेपरात सगळ्या देशांचे उच्चार येतात.

म्हणून मला विचाराल तर ज्याचं तोंडच उघडत नाही, ए-वन ए-टूवर अडकलाय, त्याने काहीही करून अँटिग्वा गाठावं. जो बोलतो पण चुकीचं बोलतो आणि ज्याला परीक्षा द्यायचीये त्याने सालामांका. मी उलट्या क्रमाने केलं, आधी सालामांका, आणि तिथले पहिले दोन आठवडे मी जवळजवळ मुकीच होते.

बहिणीला हे सगळं सांगितलं. तिच्याकडे अमेरिकन व्हिसा नाहीये, त्यामुळे तिने ऑक्टोबरचं सालामांका बुक केलं. मी म्हटलं ठीक आहे, जायच्या आधी महिनाभर रोज अर्धा तास ऑनलाइन कुणाशी तरी वन-टू-वन बोल, ग्वाटेमालातले शिक्षक ऑनलाइन पण शिकवतात. आणि घरमालकिणीला पहिल्या दिवशी सांगायचं वाक्य मी तिला पाठ करून घेतलंय, सिन कार्ने, सिन हामोन, सिन चोरिसो, सिन अतून. चोरिसो म्हणजे डुकराचं सॉसेज, आणि शेवटचं टूना मासा, कारण तिकडे सॅलडमध्ये तो न विचारता येतो.