संभाजीनगरला कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी) केली, अनुभव (पावडर, टाकी आणि बिल सगळं सांगतो)

सेंटरचं नाव टाकत नाही, कारण बिलाबद्दल तक्रार पण करायचीय. 5 पैकी साडेतीन.

आधी मी कशाला गेलो ते सांगतो. आम्ही परभणीचे. दादाला 49 व्या वर्षी गुदाशयाचा कॅन्सर निघाला. त्याच्या आधी वर्षभर शौचातून रक्त जायचं, कधी जुलाब कधी खडा, आणि जाऊन आलं तरी पोट साफ झालंच नाही असं वाटायचं त्याला. घरात सगळ्यांचं एकच, मूळव्याध है, तिखट कमी कर. बसस्टँडसमोर ते 'मूळव्याध भगंदर बिना ऑपरेशन' बोर्ड असतात ना, तिथली औषधं खाल्ली, पैसे गेले ते गेले, वजन सात-आठ किलो उतरलं तेव्हा कुठं एका सर्जनकडं गेलो आणि त्यांनी बोट घालून तपासल्याबरोबर चेहरा बदलला. दोन मिनिटाची तपासणी, वर्षभरात कुणीच केली नव्हती! पुढं आमखासजवळच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात शेक (रेडिएशन) आणि सोबत केमोच्या गोळ्या, मग ऑपरेशन, पोटावर पिशवी. आता बरा है, शेतात जातो.

तर दादाच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, सख्ख्या भावंडांनी 40 ला किंवा याच्या वयाच्या 10 वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा दुर्बिणीनं तपासून घ्या. म्हणजे मी 39 ला जायला पाहिजे होतं. गेलो 44 ला. काही त्रास नव्हता म्हणून, दुसरं काय. पण ही गाठ आधी साधा कोंब असते, पॉलिप म्हणतात, त्याचा कॅन्सर व्हायला बऱ्याचदा दहा-दहा वर्षं जातात आणि तोवर काही दुखत नाही की खुपत नाही.

तपासणीपेक्षा आदला दिवसच अवघड, हे लिहून ठेवा. सेंटरनं मराठीत छापलेला कागद दिला, त्याला माझ्याकडून पूर्ण मार्क. दोन-तीन दिवस आधीपासून ज्वारीची भाकरी बंद, पालेभाजी, पेरू, टमाटे, बिया असलेलं सगळं बंद, पांढरा भात आणि दही चालतं. रक्तातल्या लोहाच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगरची औषधं चालू असतील तर आधी विचारा, आपल्या मनानं बंद करू नका. मग ती पोट साफ करायची पावडर, दोन लिटर पाण्यात. चव म्हणजे मिठाच्या पाण्यात कुणीतरी लिंबू दाखवून परत नेल्यासारखी. अर्धी संध्याकाळी, अर्धी पहाटे चारला. गार करून प्या, जरा सुसह्य होते.

आता खरी गंमत. परभणीहून त्याच दिवशी प्रवास करायचा नाही, पावडर पिऊन रेल्वेत बसायचा विचार पण करू नका. म्हणून आदल्या दिवशी सकाळच्या तपोवननं सिडकोत ताईकडं गेलो. तिच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही हे डोक्यातच नव्हतं. रात्री नऊपर्यंत माझ्या दहा-बारा चकरा झाल्या, आणि भाऊजी टाकीत काठी घालून पाणी मोजतायत! ताईनं शेवटी शेजारून चार बादल्या आणल्या, शेजारीण विचारती पाहुणे आलेत का, ताई म्हणली हो एकच है पण भारी है.

तपासणी स्वतः काहीच नाही. गुंगीचं इंजेक्शन दिलं, कुशीवर झोपवलं, मला तर अर्ध्या तासानं उठवलं तेव्हा वाटलं अजून सुरूच झालं नाही. गॅस भरतात म्हणून पोट तासभर फुगल्यासारखं राहतं, तो गॅस सोडायला लाजू नका, तिथं सगळेच सोडतात. सिस्टर चांगल्या होत्या, दार-पडदा नीट होता, बाई पेशंटसाठी बाई अटेंडंट होती. सोबत माणूस लागतोच, त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

दोन छोटे पॉलिप निघाले, तिथल्या तिथं तारेच्या फाशानं काढले. रिपोर्ट आठ दिवसांनी, कॅन्सर नाही, पण तसेच राहिले असते तर पुढं बिघडू शकणारे होते. दादामुळं मला आता 5 वर्षांनी परत करायचीय.

आता दीड स्टार कुठं गेला. फोनवर सांगितले सात हजार, बिल आलं साडेबारा. पॉलिप काढायचे वेगळे, बायोप्सी वेगळी. अरे पैसे घ्या, नाही कोण म्हणतंय, पण आधी सांगा ना, माणूस परभणीहून मोजून पैसे आणतो. आणि 10 ची वेळ देऊन साडेबाराला आत घेतलं, रात्रभर उपाशी माणसाला, आणि समोर कँटीनमधून पोह्याचा वास!

डॉक्टर मात्र समजावून सांगतात. भाऊजी 51 चे, ते पण विचारायला लागले मी करू का. डॉक्टर म्हणले 45 च्या पुढं तपासणी करायलाच पाहिजे, पण तुमच्या घरात कुणाला नाही आणि त्रास पण नाही, तर दरवर्षी शौचाची तपासणी केली तरी चालेल, डबीत थोडं सँपल द्यायचं, त्यात न दिसणारं रक्त सापडलं तरच दुर्बीण. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं,

"त्याला टाकी तर नाही ना लागत?"