तिशीच्या आतल्या थायरॉइड कॅन्सरला एकटी ब्राफ चाचणी पुरत नाही

पॅपिलरी (थायरॉइडचा सर्वांत जास्त आढळणारा) कॅन्सर निघाला की बऱ्याचदा ‘ब्राफ व्ही६००ई’ ही ब्राफ जनुकातल्या एकाच बदलाची पीसीआर (जनुकाचा ठरावीक भाग तपासणारी) चाचणी सुचवली जाते. चाचणी म्हणून ती चोख आहे. पॅराफिन ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) होते, थोड्या पेशींतही भागतं. तक्रार आहे ती तरुण रुग्णाला फक्त एवढीच करून मोकळं होण्याबद्दल.

या वयात आरईटी किंवा एनटीआरके जनुकाचं फ्युजन, म्हणजे दोन जनुकांचे तुकडे एकमेकांना जोडले जाणं, मोठ्यांपेक्षा जास्त आढळतं. अशा गाठी मानेतल्या लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठींत), कधी फुप्फुसांतही लवकर पसरतात. ही पीसीआर ब्राफमधली एकच जागा बघते, त्यामुळे फ्युजन तिला दिसतच नाही. रिपोर्टवर ‘म्युटेशन आढळले नाही’ वाचून घरचे निर्धास्त होतात, हे फार घातक आहे.

उलट बाजूही आहे. ब्राफ पॉझिटिव्ह म्हणजे आजार उग्रच, असं नाही. सोबत टर्ट या दुसऱ्या जनुकाच्या प्रमोटरमध्ये (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागात) बदल असेल तर खरी काळजी, पण तरुणांत तो क्वचितच सापडतो.

म्हणून आधी हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली गाठ तपासल्याचा) रिपोर्ट नीट वाचून घ्या, तो तुमच्या हातात असतोच. टॉल सेल हा उग्र प्रकार आहे का (रुंदीच्या किमान तिप्पट उंच पेशी, त्याही गाठीतल्या पेशींच्या ३० टक्क्यांहून कमी नाहीत)? डिफ्यूज स्क्लेरोझिंग (थायरॉइडभर पसरून ती घट्ट करणारा) आहे का? हा दुसरा प्रकार तरुणांतच जास्त दिसतो. शंका असेल तर स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. ‘स्टेज १’वर विसंबू नका: वय ५५च्या आत आणि आजार दूरवर पसरलेला नसेल तर कितीही नोडमध्ये असला तरी स्टेज १च धरतात. ती स्टेज जीवाचा धोका सांगते, आजार उलटण्याचा नाही.

गाठ लहान, थायरॉइडपुरतीच असेल तर जनुक चाचणीवर खर्च करू नये, उपचार सहसा बदलत नाहीत. आजार दूर पसरलाय किंवा गाठी किरणोत्सारी आयोडीन घेत नाहीत, तर आरएनएवरचं (जनुकाची पेशीत बनणारी प्रत) एनजीएस फ्युजन पॅनल, म्हणजे एकाच वेळी अनेक जनुकांतली फ्युजन शोधणारी चाचणी, करावं. फ्युजन सापडलं तर लॅरोट्रेक्टिनिब (एनटीआरकेसाठी), सेल्परकॅटिनिब (आरईटीसाठी) अशी नेमकी औषधं आहेत.

नमुन्यातच घोळ होतो. जुन्या ब्लॉकमध्ये किंवा फॉर्मलिनमध्ये फार दिवस राहिलेल्या तुकड्यात आरएनए तुटतं. हाडातला तुकडा आम्लात मऊ केलेला असेल तर तो टाळून नोडचा ब्लॉक द्या. रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’ आलं तर ते निगेटिव्ह समजू नका, दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा करून घ्या.